1436 की 1463

ड्रायडॉकच्या (दुरुस्तीसाठी कोरड्या केलेल्या गोदीच्या) तळाशी ओळंबा धरून उभा होतो, त्या दिवसापासून एक आकडा डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

जुनं कोस्टल कार्गो जहाज, साधारण 60 मीटरचं. मालकाने डेकवर बदल करायचं काढलं, म्हणजे स्टॅबिलिटी बुकलेट (जहाज कलंडणार नाही याच्या हिशोबाची पुस्तिका) नव्याने, म्हणजे आधी हलचं, जहाजाच्या बाहेरच्या कवचाचं, थ्रीडी मॉडेल. मूळ ड्रॉइंगपैकी हाती आलं काय, तर लाइन्स प्लॅनची (जहाजाच्या आकाराच्या रेघांच्या ड्रॉइंगची) एक फिकट झेरॉक्स आणि हाताने लिहिलेलं ऑफसेट टेबल. टेबलात प्रत्येक स्टेशनला (लांबीवरचा आडवा छेद), प्रत्येक वॉटरलाइनवर (तळापासूनची ठरावीक उंची) जहाजाची अर्धी रुंदी मिलिमीटरमध्ये. अर्धीच, कारण दुसरी बाजू आरशातली धरायची असते. हे 'धरायची असते' पुढे महागात पडलं.

मधला भाग म्हणजे डबा, चहा थंड व्हायच्या आत होतो. सगळा जीव जातो तो बाउ (पुढचं टोक) आणि स्टर्नमध्ये (मागचं टोक), म्हणून तर तिथे स्टेशनं पण अर्ध्या-अर्ध्यावर घेतात.

स्टर्नचं मी स्वतःच कौतुक करून घेतो, दुसरं कोणी करत नाही. एका स्क्रूचं, म्हणजे एकाच प्रोपेलरचं, जहाज, त्यामुळे सेक्शन वर पसरट, खाली शाफ्टजवळ एकदम चिमटलेले, आणि मध्येच शाफ्टचा बॉस (शाफ्ट बाहेर पडतो तिथला गोल भाग) फुगलेला. नवी पोरं इथे काय करतात, बसत नाही तिथे पृष्ठभाग ओढणारा एक पॉइंट टाक, मग शेजारी दुसरा, शेवटी पृष्ठभाग धुतलेल्या गोधडीसारखा. मी बॉसचा पॅच (पृष्ठभागाचा तुकडा) वेगळा ठेवला आणि मुख्य पॅच 9 गुणिले 7 पॉइंटमध्ये बसवला. झेब्रा (गुळगुळीतपणा तपासायचे काळे-पांढरे पट्टे) लावल्यावर काळे पट्टे प्रोपेलरच्या वरून एकही गचका न खाता ट्रान्समपर्यंत (मागची सपाट भिंत) गेले, शेजारच्याला बोलावून दाखवलं, तो "हां, छान" म्हणून परत मोबाइलमध्ये.

बाउला अडलं. स्टेशन साडेनऊ, 3 मीटर वॉटरलाइन, टेबलात 1463. आकड्याला धरून राहायचं म्हणून दोन पॉइंट वाढवले आणि सॉफ्टवेअर निमूटपणे वाकलं. वायरफ्रेममध्ये काही कळत नाही, पण कर्व्हेचरचा कंगवा (रेघ जितकी वाकते तितका लांब दात) लावला तर दात एकदम आखूड, मग उलट्या बाजूला, मग परत लांब. पूर्वी लॉफ्टच्या (जहाजाच्या रेघा पूर्ण मापात काढायच्या हॉलच्या) जमिनीवर लवचिक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून ही रेघ काढायचे, स्प्लाइन हा शब्दच मुळात त्या पट्टीचा. तिला असला पॉइंट दिला की ती वजनालाच सरकवते. आमची सॉफ्टवेअरमधली स्प्लाइन सरकारी कारकुनासारखी, वरून आलं ना, मग सही.

रात्री हार्बर लाइनमध्ये उभं असताना ट्यूब पेटली, 36 चे 63 झालेत! सकाळी आल्या आल्या 1436 टाकलं, जादाचे दोन पॉइंट उडवले, आणि पृष्ठभाग असा बसला की काय सांगू. 27 मिलिमीटरचा प्रश्न, विस्थापनात (जहाज बाजूला सारतं त्या पाण्याच्या वजनात) फरक जवळजवळ शून्य, आणि क्लास (जहाजांना मान्यता देणारी संस्था) स्टॅबिलिटी सॉफ्टवेअर तपासताना विस्थापनाला 2 टक्के सूट देते. सर म्हणाले, झालं ना, पाठव.

मग जहाज ड्रायडॉकला आलं, मला ड्राफ्ट मार्क (जहाज किती बुडालंय ते दाखवणारे आकडे) तपासायला पाठवलं. खरं तर तेवढंच काम होतं. पण हात शिवशिवत होते. कील ब्लॉकच्या (जहाज टेकतं त्या ठोकळ्यांच्या) मधून खडूची रेघ मारली, 3 मीटर उंचीवर प्लेटला चुंबक लावून ओळंबा सोडला, तळावर टेपने मोजलं. स्टारबोर्ड (उजवी बाजू) 1438. वा! पोर्टला (डावीकडे) गेलो, 1461.

परत मोजलं. 1460. एवढ्याशा टेपकामात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, पण तेवीस नाही. टॉर्च प्लेटला चिकटवून तिरका मारला तर तीन फ्रेमभर (प्लेटच्या आतल्या बरगड्या) पसरलेला, सावकाश चढणारा उंचवटा. धडकेचा पोचा आत जातो, तोही फ्रेमच्या मध्ये, हा बाहेर होता. शेजारी पेंट मारणारा म्हणाला, "हितं रोलर उडतो साहेब, मागच्या खेपेला पण उडत होता."

म्हणजे टेबल चूक नव्हतं? पण आकडा लिहिताना चुकला असता तर दोन्ही बाजू चुकायला हव्या होत्या, फ्रेमचा साचा एकच, उलटा करून वापरतात. आणि कोणी बांधल्यावर पोर्ट साइड मोजून तो आकडा टेबलात घातला म्हणावं, तर बाकीचे सगळे आकडे ड्रॉइंगबरहुकूम कसे? एवढा एकच का मोजला? झेरॉक्स भिंगाखाली धरून पाहिली, खाडाखोड नाही, तोच हात, तीच शाई वाटते.

रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या. सरांनी काढल्या. "क्लासला प्रश्न विचारायला आपण कशाला निमित्त द्यायचं?" हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. सरांचं हिशोबाने नेहमीच बरोबर असतं.

मंजूर झालेलं मॉडेल 1436 चं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. त्याच फाइलमध्ये 'पोर्ट' नावाचा एक लेयर आहे, त्यात 1463 वाला पॅच, दोन जादा पॉइंटांसकट. बंद करून ठेवलाय, डिलीट केलेला नाही.