दादर ज्वारीतला अर्धगोल: पांझरा खोऱ्यातलं अपडेट

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात, एका शेताच्या पिकात वरून दिसणारा अर्धगोल (खाली बहुतेक बुजलेला जुना खंदक) मी आधी सांगितला होता, तो आता वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह-इमेजमध्ये त्याच जागी दिसलाय, म्हणून सविस्तर लिहितोय. गुगल अर्थ प्रोमध्ये मागच्या तारखा सरकवत बसणं हे आपल्या सगळ्यांचंच काम, पण खान्देशात खरी अडचण बागायतीची आहे. ठिबकवर कपाशी नाहीतर केळी असली की खाली काय पुरलंय याने पिकाला काही फरक पडत नाही. क्रॉपमार्क, म्हणजे खाली पुरलेल्या गोष्टीची पिकात दिसणारी खूण, उमटतो तो पाण्याचा ताण पडल्यावरच, बुजलेल्या खंदकात माती खोल असते, ओल टिकते, तिथलं पीक उंच होतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं, पुरलेल्या भिंतीवर याच्या बरोबर उलटं, पीक खुरटतं आणि आधीच पिवळं पडतं.

युरोपवाले बार्ली बघतात, आपल्याकडे माझ्या मते दादरसारखं, म्हणजे खान्देशातल्या रब्बी ज्वारीसारखं, पीक नाही. पेरली की नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, मुळं खोल जातात, त्यामुळे खालचा फरक वर दाखवते. मी आता जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्याच तारखा उघडतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये दुष्काळामुळे न्यूग्रेंजजवळ अख्खं गोल स्मारक ड्रोनच्या फोटोत दिसलं होतं, त्याच वर्षी आपल्याकडे १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, तर त्या रब्बीच्या इमेज आधी बघा. पेरणीच झाली नाही अशी शेतं सोडून द्यावी लागतात, पण जिथे पीक उभं राहिलं तिथे खुणा ठसठशीत आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेजचा पिक्सेल १० मीटरचा, त्यात खंदक दिसत नाही, पण पीक कधी पिवळं पडायला लागलं ते कळतं, मग नेमकी ती तारीख गाठायची.

जमीनही बघा. खूप खोल काळीत सगळीकडेच ओल सारखी राहते, खुणा येत नाहीत. काळीचा थर जिथे पातळ होऊन खाली मुरूम लागतो तिथे शोधा.

मालकांना विचारून शेतात जाऊन आलो. मालक आबा लगेच अहिराणीत म्हणाले, "आठे दरसाल दादर उशिरा पिकस." (इथे दरवर्षी दादर उशिरा पिकते.) जमिनीवर उभं राहून गोल अजिबात कळत नाही, पण कणसं सांगतात: बाहेरचा दाणा नखाने दाबला तर कडक, आणि चार पावलं रुंद पट्ट्यातला दाणा चुरडला की अजून दूध निघतं! मी पट्टाभर दाणे चुरडत गेलो आणि कड अगदी पावलागणिक सापडली. एका बाजूला नाल्याने काठ कापलाय, तिथे पिवळ्या मुरमात खोलगट आकार उतरलेला दिसतो, आत राखट माती आणि एक जाड खापर अडकलेलं. खापर काढलं नाही, स्केल ठेवून फोटो घेतला. कोणीच काढू नका, जागेवरच त्याला अर्थ आहे.

हा पाण्याचा जुना पाट असेल ही शंका मलाही होती, कारण पांझरेवर फड पद्धतीचे (बंधाऱ्यातून पाटाने शेतांना पाणी द्यायच्या जुन्या पद्धतीचे) बंधारे आहेत आणि बुजलेला पाट वरून सेम खंदकासारखा दिसतो. पण पाट उताराच्या अंगाने लांब जातो, हा वळून परत येतो. खळं म्हणावं तर घेर फार मोठा, साधारण सत्तर मीटर. गढी असती तर कोपरे आणि बुरूज दिसले असते.

काळ फोटोवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. पण घेराच्या आत काही हिरवे ठिपके आहेत, म्हणजे बुजलेले खड्डे असू शकतात. याच जिल्ह्यात कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या सावळदा संस्कृतीची जमिनीत खोदलेली घरं मिळाली होती, त्यामुळे ते ठिपके मला घेरापेक्षाही महत्त्वाचे वाटतात.

आता १९६० ते ७२ मधले अमेरिकेच्या 'कोरोना' हेरगिरी उपग्रहांचे फोटो शोधतोय, तेव्हा ठिबक नव्हतं आणि जिरायत भरपूर होती. धुळे-साक्री भागाची हिवाळ्यातली स्ट्रिप कोणाकडे असेल तर सांगा. ठिकाण मी मुद्दाम टाकत नाहीये, जाणकारांना दाखवल्याशिवाय टाकणारही नाही.