तळ्याकाठचा इको प्लॉट घेताना आमची झालेली धावपळ (बेळगाव)

ब्रोशरवर तळं, बदकं, सायकल ट्रॅक आणि खाली मोठ्या अक्षरात "स्टॉकहोमच्या धर्तीवर इको टाऊनशिप". माझा भाचा तिथंच नोकरीला आहे म्हणून त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, मामा ते हामर्बी, इथल्या स्टॉकहोममधलाच एक भाग, तिथं आधी कारखाने होते, जमीन खराब झालेली ती साफ केली, २००४ चं ऑलिम्पिक मिळावं म्हणून प्लॅन सुरू झाला, ते गेलं अथेन्सला पण वस्ती झाली. कचरा जमिनीखालच्या पाईपातनं हवेनं खेचून नेतात, सांडपाण्यापासून गॅस बनवतात, आणि २००२ ला ट्रामसुद्धा आली, बरीच घरं व्हायची बाकी होती तेव्हाच. मग मी ठरवलं, तळ्याचा व्ह्यू राहू दे, पाणी कुठनं येतंय आणि आपलं सांडपाणी कुठं जाणार ते आधी बघायचं.

कागद म्हणाल तर उतारा, एनए (बिगरशेती) ऑर्डर, बुडाचा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा मंजूर लेआऊट आणि ईसी, म्हणजे जागेवर कर्ज-बोजा आहे का ते सांगणारा दाखला, एवढं वकिलांनी बघितलं. सगळं कन्नडात, त्यामुळं शेजारच्या निवृत्त मास्तरांना घेऊन बसलो, त्यांनी ओळ न ओळ वाचून दाखवली. पण खरा उपयोग झाला दिशांक या कर्नाटक सरकारच्या जमीन-नकाशाच्या ॲपचा. जागेवर उभं राहिलं की सर्व्हे नंबर दिसतो, तलाव नाल्याची सरकारी जागा कुठं येते तेही कळतं. तळ्याला लागून जी महागडी लाईन होती तिच्या कडेनंच नाला गेलेला. एजंट म्हणतोय, "काका तो कोरडाच असतोय ओ". शेतात काम करणारे एक आजोबा मात्र हसले, "जुलैत या की एकदा". गेलो. गुडघाभर पाणी! बळ्ळारी नाल्याकाठचं भात दरवर्षी कसं बुडतंय ते आपल्याला काय नवीन आहे काय, तरी ब्रोशर बघितलं की माणूस विसरतो.

मग वरच्या अंगाचा प्लॉट बघितला, तळं दिसत नाही, दरही कमी. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर प्रोजेक्ट नंबर टाकून प्लॅन जुळवला, ग्राहकाकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात त्या खात्याचीच डिटेल्स मागितली आणि पैसे तिकडंच भरले. ई-खात्यापायी, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाईन सरकारी नोंदीच्या उताऱ्यापायी, बरंच थांबावं लागलं, त्याशिवाय आता रजिस्टर होत नाही. तेवढ्यात ऑगस्ट २०२५ अखेर रजिस्ट्रेशन फी १ वरून २ टक्के झाली, स्टॅम्प ड्यूटी आणि सेस वेगळाच, म्हणजे बजेट त्या हिशेबानं ठेवा.

एक मात्र राहिलंय, एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. बिल्डर म्हणतोय लोक राहायला आले की चालू करू. मी म्हटलं तोवर सांडपाणी तळ्यात सोडणार काय? उत्तर नाही. मंजूर प्लॅनमध्ये तो आहे आणि रेराच्या तिमाही अपडेटमधल्या फोटोत अजून नुसता खड्डा दिसतोय, म्हणून आम्ही प्लॉटवाल्यांनी मिळून लेखी पत्र दिलंय, पोच घेऊन.