खोकल्यासकट

माझ्याकडे मारवा रागाची एक कॅसेट आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या खाजगी बैठकीचं रेकॉर्डिंग, त्याच्या प्रतीची प्रत. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं रंगात आलेलं असतं, बुवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात आणि नेमक्या त्या जागी श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. चांगला सहा मात्रांचा खोकला. इतक्या वेळा ऐकलाय की तो आता बंदिशीचाच भाग झालाय. दुसऱ्या कुणाचा मारवा समोर बसून ऐकतानाही त्या जागेपाशी मी कान टवकारतो. कुणी खोकत नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कॅसेटींचं खोकं परवा माळ्यावरून काढलं आणि भाचीचा तो फोन आठवला. 22 सप्टेंबर 2024, रविवार सकाळ. "मामा, बाराला लॅपटॉप उघडून बस. तूपण रांगेत उभा राहा." कोल्डप्ले हा इंग्रजी बँड जानेवारीत नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाणार होता. सगळ्यात स्वस्त तिकीट 2,500 रुपयांचं. तिच्याकडचे तिघे आणि इकडे मी, असे चौघं स्क्रीनला नाक लावून बसलो. माझ्यापुढे काही लाख माणसं असल्याचं आकडा सांगत होता. रेशनच्या रांगेत निदान पुढच्याची पाठ तरी दिसते.

"यांच्या सीडी किती आहेत गं तुझ्याकडे?" मी विचारलं.

"सीडी? ती घालायची कुठे, मामा?"

खरंच. लॅपटॉपला ती खाचच उरलेली नाही. ज्या गाण्यांवर हिने आजवर दमडी खर्चली नव्हती, ती समोर उभं राहून ऐकायला ही पगाराचा लचका तोडून द्यायला निघाली होती.

माझं बरोबर उलटं. मी गाणी विकत घेतली आणि गाणारे फुकट ऐकले. गणपतीच्या मांडवात, दिवाळी पहाटेला, कुणाच्या तरी ओळखीने. तिकीट काढून गाणं ऐकायला जाणं आमच्याकडे उधळपट्टीत जमा होतं. "पास मिळतोय का बघ" हे पहिलं वाक्य. कॅसेटला मात्र पैसे सुटायचे. त्यातही आवडीच्या गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानदाराला द्यायची आणि नव्वद मिनिटांची ब्लँक कॅसेट भरून घ्यायची. ए बाजू संपताना शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं. ते गाणं आजही माझ्या डोक्यात तिथेच तुटतं. ही चोरी आहे हे तेव्हा मनाला शिवलंही नाही. चोरीचे पैसे मोजावे लागत असल्यामुळे ती खरेदीच वाटायची.

मग 1999 मध्ये इंटरनेटवर एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅपस्टर आलं आणि चोरीचेही पैसे वाचले. 2003 मध्ये ॲपलने 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं. दोन बऱ्या गाण्यांसाठी आठ भरतीची गाणी गळ्यात मारायचा कंपन्यांचा जुना धंदा तिथे बसला. मुंबईत काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडींचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. शेवटची सीडी तिथून कधी घेतली होती, ते मात्र मला आठवेना.

डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाला हे आधीच दिसलं होतं. संगीत आता नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा कलाकारांनी दौऱ्यांची तयारी ठेवावी, तेवढी एकच गोष्ट वेगळी म्हणून उरेल, अशा अर्थाचं तो 2002 मध्येच बोलून गेला. (नळाला पाणी कसं येतं, हे पाहायला त्याला आमच्या सोसायटीत आणायला हवं होतं.) दैव असं की 2004 मध्ये हृदयाच्या दुखण्याने त्याचेच दौरे थांबले. प्रिन्स या अमेरिकन गायकाने 2007 मध्ये आपला नवा अल्बम इंग्लंडात रविवारच्या पेपराबरोबर पुरवणीसारखा फुकट वाटून टाकला आणि मग लंडनमध्ये एकाच ठिकाणी 21 रात्री तिकीट लावून गायला. पूर्वी अल्बम खपावा म्हणून बँड गावोगाव हिंडायचे. याने अल्बमचंच हस्तपत्रक करून टाकलं. हिशेब साधा आहे. गाण्याची दुसरी प्रत काढायला खर्च शून्य. तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीची दुसरी प्रत निघत नाही.

आमच्याकडे याची धास्ती जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांनी फार आधी घेतली होती, असं म्हणतात. गायकी कुणीही उचलून नेईल म्हणून त्यांनी आपलं गाणं तबकडीवर येऊच दिलं नाही. 1946 मध्ये ते गेले, त्यांच्याबरोबर आवाजही गेला. आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये तबकडीवरून व्हॉयेजर या अमेरिकन अंतराळयानात बसून निघाली. आज ती सूर्यापासून इतकी लांब आहे की तिकडे पासही चालायचा नाही.

भाचीला तिकीट मिळालं नाही. वाढवलेल्या तिसऱ्या दिवसाचंही नाही. घरी बसून लोकांच्या फोनवरचे तुकडे बघत राहिली. गाणाऱ्यापेक्षा व्हिडिओ काढणाराच जास्त ऐकू येत होता.

डिसेंबरात मी पुण्याला सवाईला गेलो. भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. इथे गाणाऱ्या बहुतेकांचं गाणं फोनवर फुकट सापडतं. तरी मांडव भरलेला, मफलरी गुंडाळलेली माणसं भारतीय बैठकीत गुडघे सावरत बसलेली. तिकीट मी रोख पैसे मोजून काढलं होतं. बायकोने पासाबद्दल दोनदा विचारलं, हे वेगळं. संध्याकाळ उतरत होती, मारवा सुरू झाला. विलंबित चढत गेलं, सम जवळ आली आणि माझ्याच घशात खवखवायला लागलं. दाबायचा प्रयत्न केला. दाबला गेला नाही.

चांगला सहा मात्रांचा.

शेजारच्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या मांडीवर, शालीच्या आड, फोनचा लाल ठिपका चालू होता.