आमची वाटचाल : नडगीवर ठेवलेलं एक बोट

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन नागपुरात परतलो तेव्हा अकादमी काढायचं डोक्यातही नव्हतं. पहाटे मैदानावर जायचो. तिथं उमरेड, काटोल, रामटेककडून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारे पोट्टे भरतीची तयारी करताना दिसायचे. कुणी झिजलेल्या जोड्यांनी डांबरी रस्त्यावर पळायचा, कुणी उपाशीपोटी. त्यातल्या सहा जणांना मी घड्याळ लावून पळवू लागलो. काही महिन्यांनी बायको म्हणाली, "रोज जाताच आहात, तर रीतसर सुरू करा."

पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. सैन्याच्या भरतीत 1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत पळालं की 60 गुण मिळतात. म्हणजे 400 मीटरची एक फेरी साधारण 82 सेकंदांत. हा आकडा माझ्या डोक्यात इतका भिनला होता, की पोरांना रोज पूर्ण अंतर जीव तोडून पळवायचो. भिवापूरकडचा एक पोट्टा दोन आठवडे पायाला तेल चोळत होता. विचारलं की म्हणायचा, "थोडंसंच दुखते जी." एका सकाळी त्यानं मोजा खाली केला आणि नडगीवर एक बोट ठेवलं, बरोबर एकाच जागी. तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. भरती तीन आठवड्यांवर होती आणि पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. त्याच्या वडिलांना फोन मीच केला. तो फोन मला अजून आठवतो.

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यात दोनच दिवस जोरात पळणं असतं, तेही 300-400 मीटरचे तुकडे. बाकीचे दिवस बोलता येईल अशा चालीनं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. दुखतंय म्हणणाऱ्याला जागा दाखवायला सांगतो. पूर्ण तळहात फिरवला तर बहुतेक वेळा स्नायू धरलेला असतो. एका बोटावर आला, की पळणं बंद आणि आधी डॉक्टर.

आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात जोड्यांना चिखलाचे लोंदे चिकटायचे, उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळायचा. शेवटी पेन्शनवर कर्ज काढून पळायच्या पट्ट्यावर मुरूम टाकला. आजवरच्या खर्चांत हा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून साडेचारला सुरुवात आणि साडेसहाला सगळे सावलीत.

पुलअप्ससाठी लटकायचा आडवा दांडा, म्हणजे बीम, वेल्डरकडून बनवून घेतला. दहा पुलअप्सना 40 गुण, नऊला 33. एका पुलअपनं सात गुण जातात, म्हणून पाय झटकून वर गेलेला आम्ही मोजतच नाही. हात पूर्ण सरळ आणि हनुवटी बीमच्या वर, तरच एक.

2020 नंतर दोन वर्षं भरती मेळावे थांबले. कितीतरी पोट्ट्यांचं वय निघून गेलं. जून 2022 मध्ये चार वर्षांसाठी सैन्यात घेणारी अग्निपथ योजना आली, त्या एका वर्षापुरती वयाची अट 23 केली, तेव्हा त्यातले काही परत आले. 2023 पासून लेखी परीक्षा पळण्याच्या चाचणीआधी होऊ लागली. मग आम्ही गणिताला एक शिक्षिका ठेवल्या, मागच्या खोलीत फळा लावला. चार वर्षांनंतर काय, हे आईवडील विचारतात. त्यांना स्पष्ट सांगतो, चारांतून फार तर एकजण पुढे कायम राहतो. हे ऐकून एखादा परत गेला तरी चालेल, पण अंधारात ठेवून फी घ्यायची नाही.

नवीन पोराला पहिल्या दिवशी पळवत नाही. जोडे काढून मुरमावर उभा करतो. तळपाय सपाट आहे का, सरळ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात का, ते बघतो, कारण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तिथं अडतं. शंका आली तर फीची पावती फाडायच्या आधी डॉक्टरकडे पाठवतो. आणि शेवटी अंगठ्यानं नडगी वरपासून खालपर्यंत दाबून बघतो, दोन्ही पायांची.