चरबी शोषून काढण्याचे ऑपरेशन नव्हे

आज मावसबहिणीसोबत पुण्यातील एका सर्जनकडे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेची, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर व आतड्यांवर होणाऱ्या ऑपरेशनची, चौकशी करायला गेले होते. तिला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि घरात बहुतेकांची समजूत अशी की पोटावरची चरबी शोषून घेतली की काम झाले. तो लायपोसक्शनचा प्रकार. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया पूर्णपणे वेगळी असते. तिच्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात, आणि त्यासोबत भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही कमी होते. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि मला सर्वांत विलक्षण वाटले ते हे, की अनेक रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारू लागते. बहिणीला छातीतील जळजळीचा जुना त्रास असल्याने डॉक्टरांचा कल बायपासकडे होता; त्यानंतर बी-१२, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आयुष्यभर घ्याव्या लागतील.

इतके सोसायला तयार असलेल्या बाईला नातेवाईक ‘आळशी’ म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. परतताना तिने मावशीला फोनवर सांगितले, “आई, संध्याकाळी तुला सगळे कागदावर काढून दाखवते.”