वाय-फाय संथ झाल्यावर आधी काय तपासावे

घरातले वाय-फाय संथ झाले की बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, त्याने भागले नाही तर अधिक वेगाचा प्लॅन घेतात आणि तरीही सुधारणा झाली नाही तर नवा राउटर आणतात. या उपायांनी कधीकधी खरोखरच फरक पडतो. पण तो नेमका कशामुळे पडला हे कळत नसल्याने काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू झाली की माणूस पहिल्याइतकाच हतबल असतो. ओळखीच्या घरांमध्ये अशी दुखणी शोधून देण्याची मला मनापासून आवड आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: दोष कोणत्या टप्प्यात आहे हे मोजून ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये.

टप्पे मुख्यतः तीन असतात. सेवा देणाऱ्या कंपनीकडून घरातल्या राउटरपर्यंत येणारी लाइन हा पहिला, राउटरपासून उपकरणापर्यंतची हवा हा दुसरा आणि स्वतः ते उपकरण हा तिसरा. आपण ज्याला सरसकट ‘वाय-फाय’ म्हणतो तो यांपैकी केवळ मधला टप्पा आहे. म्हणून पहिली चाचणी वाय-फाय पूर्णपणे बाजूला ठेवूनच करावी. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, त्याचे वाय-फाय बंद करावे, घरातली इतर उपकरणे शक्य तितकी शांत ठेवावीत आणि मग स्पीड टेस्ट घ्यावी. हीच चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री, म्हणजे सगळी वस्ती ऑनलाइन असते अशा वेळी, पुन्हा घ्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत. केबलवरही वेग कमीच मिळत असेल तर वाय-फायला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे न सांगता ‘केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर अमुक वेळी इतका वेग मिळतो’ असे सांगितले की राउटरची जागा बदलून पाहा, फोन बंद करून पाहा यांसारखी प्राथमिक उत्तरे आपोआप टळतात.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगितलेला असतो, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास वेग दिसणे हे पूर्णपणे योग्य आहे. दुसरी गोष्ट केबलची. प्लॅन ३०० एमबीपीएसचा असूनही चाचणीचा आकडा दर वेळी ९४-९५ पाशीच थांबत असेल, तर केबल किंवा पोर्ट १०० एमबीपीएसवर चालत आहे असे समजावे. गिगाबिट वेगासाठी लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, तर १०० एमबीपीएससाठी दोनच पुरतात; त्यामुळे एखादी तार तुटली किंवा पिन नीट बसली नाही तर जोडणी तुटत नाही, ती गुपचूप खालच्या वेगावर उतरते. हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळे ‘चालू’ दिसत असते.

केबलवर पूर्ण वेग मिळाला की मग हवेकडे वळावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘netsh wlan show interfaces’ ही आज्ञा टंकली की लॅपटॉप कोणत्या चॅनेलवर (वाय-फायच्या लहरींच्या ठरावीक उपपट्ट्यावर) आहे, सिग्नल किती टक्के आहे आणि पाठवण्याचा व घेण्याचा लिंक स्पीड, म्हणजे उपकरण आणि राउटर यांच्यात ठरलेला हवेतला वेग, किती आहे हे एकाच ठिकाणी दिसते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले तरी ही माहिती मिळते आणि तिथे सिग्नल डीबीएम या एककात, ऋण आकड्यात असतो. राउटरच्या शेजारी तो उणे ४० च्या आसपास असतो, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ सहसा सुरळीत चालतो आणि उणे ८० वर पोहोचला की साधे पान उघडायलाही वेळ लागू लागतो. हे माप सरळ रेषेत चालत नाही: दर १० डीबीला सिग्नलची शक्ती एक दशांश होते. उणे ५० आणि उणे ७० यांच्यातला फरक म्हणूनच शंभर पटींचा असतो. लॅपटॉप हातात घेऊन हा आकडा पाहत घरभर हळूहळू फिरावे. एखाद्या विशिष्ट भिंतीपलीकडे, लोखंडी कपाटामागे किंवा मोठ्या आरशाच्या आड आकडा एकदम कोसळताना दिसतो आणि राउटर कुठे ठेवायचा या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

लिंक स्पीड ८६६ दिसत असताना स्पीड टेस्टमध्ये ४०० ते ५०० च मिळाले तर त्यात बिघाड काहीच नसतो. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. इतरांनी ऐकायचे आणि हवा मोकळी झाली की आपली पाळी घ्यायची, असा हा व्यवहार आहे. पाळीची वाट पाहणे, पोच देणे, हरवलेले पुन्हा पाठवणे यांतच बराच वेळ खर्च होतो. फार थोड्या घरांत लक्षात घेतली जाणारी गोष्ट याच्या पुढची आहे. जितकी माहिती जवळचा लॅपटॉप ३०० एमबीपीएसने पाठवतो, तितकीच माहिती कोपऱ्यातल्या खोलीतले, जेमतेम सिग्नल मिळणारे उपकरण ६ एमबीपीएसने पाठवत असेल, तर ते त्याच माहितीसाठी हवा पन्नास पट अधिक काळ अडवून ठेवते. म्हणजे राउटरच्या अगदी समोर बसलेल्या माणसाचा व्हिडिओ अडखळण्याचे कारण तिसऱ्या खोलीत, भिंतीआडून सतत चित्रण पाठवणारा एखादा कॅमेरा असू शकतो. स्वतःच्या उपकरणावर पूर्ण सिग्नल दिसत असतानाही वेग का मिळत नाही या कोड्याचे उत्तर मला बहुतेक वेळा इथेच सापडले आहे. उपायही मग त्या दूरच्या उपकरणावर करावा लागतो: ते केबलने जोडावे, जवळ आणावे किंवा वेगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या वेगळ्या पट्ट्यावर, न्यावे.

बँडचा विचार करताना २.४ गिगाहर्ट्झची मर्यादा आधी समजून घ्यायला हवी. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल जवळजवळ तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारी १ वर आणि दुसरे शेजारी ६ वर आहेत म्हणून आपण मधला ३ निवडणे हे वरवर शहाणपणाचे वाटते, पण त्याने नुकसानच होते. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ऐकून पाळी घेतात. अर्धवट चढणाऱ्या चॅनेलवरचे मात्र परस्परांना निव्वळ गोंगाट समजतात. या बँडवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, ब्लूटूथही याच पट्ट्यात आहे, आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल अँटेनाजवळ असली तर तिच्यातून निघणारा गोंगाटही नेमका याच बँडवर पडतो. शक्य असेल त्या प्रत्येक उपकरणाला ५ गिगाहर्ट्झवर नेणे हा त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. ५ गिगाहर्ट्झ भिंतींमधून कमी जातो हे खरेच, पण शेजाऱ्यांचा गोंगाटही त्याच कारणाने आपल्यापर्यंत कमी पोहोचतो. त्यातील काही चॅनेल रडारबरोबर वाटून वापरले जातात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो. अधूनमधून सगळ्या घराचे ५ गिगाहर्ट्झ मिनिटभर नाहीसे होत असेल तर ३६ ते ४८ यांपैकी एखादा चॅनेल ठरवून द्यावा.

टीव्हीला लावण्याच्या स्ट्रीमिंग स्टिकबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरातली सर्वाधिक तक्रार तिच्याबद्दल असते आणि तपासणी मात्र फोनवर केली जाते. टीव्हीसमोर उभे राहून फोनवर चांगला वेग दिसला म्हणून स्टिकलाही तो मिळतो असे नाही. स्टिक पडद्याच्या मागे, धातूच्या पत्र्याला आणि भिंतीला चिकटून, एचडीएमआयच्या पोर्टमध्ये खोचलेली असते. तिची अँटेना बोटाएवढ्या जागेत बसवलेली असते आणि शेजारी टीव्हीचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स तापत असते. त्यामुळे चाचणी स्टिकवरच, तिच्या नेटवर्क सेटिंगमधल्या किंवा अ‍ॅपमधल्या सोयीने करावी. मग एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन केबल लावून स्टिक पडद्याच्या कडेबाहेर आणावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. अनेक स्टिकबरोबर ही केबल खोक्यातच येते आणि अनावश्यक समजून बाजूला पडते. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून दिली असेल तर तीही तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवर न्यावी, कारण अपुऱ्या विजेवर चालणारे उपकरण अडखळते आणि आपण नेटला दोष देत राहतो.

व्हिडिओला लागणारा वेग प्रत्यक्षात फार मोठा नसतो. नेटफ्लिक्सची शिफारस १०८० पी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस अशी आहे. टीव्हीवरच्या अनेक लॅन पोर्टची कमाल १०० एमबीपीएस असते, त्यामुळे केबल लावल्यावर स्पीड टेस्टचा आकडा वाय-फायपेक्षा कमी दिसला तरी बिचकू नये. व्हिडिओला उंच शिखराची नव्हे, सतत टिकणाऱ्या पातळीची गरज असते, आणि ती केबलच देते.

कधी सगळे आकडे उत्तम असतात आणि तरीही व्हिडिओ कॉल तुटतो. अशा वेळी वेग मोजणे थांबवून विलंब मोजावा. एका खिडकीत राउटरला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी आज्ञा) चालू ठेवावे आणि मग फोनवरून मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावावी. राउटरचे पिंग काही मिलिसेकंदांवर स्थिर राहिले आणि बाहेरचे २० वरून ४०० वर गेले, तर हवा निर्दोष आहे आणि अपलोडच्या वाटेवर रांग साचली आहे. याला बफरब्लोट म्हणतात. राउटर माहिती टाकून देण्याऐवजी लांबच लांब रांगेत उभी करतो आणि कॉलची इवलीशी पाकिटे त्या फाइलच्या मागे अडकतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेल पद्धतीने ही रांग आटोक्यात ठेवता येते, आणि तिचे सुधारित रूप अनेक राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाने असते. तिथे अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. वेग थोडा कमी होतो, पण कॉल तुटत नाहीत. मला हा सौदा नेहमीच पटतो.

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोहोचवणारे उपकरण, घ्यावे का, असे बरेच जण विचारतात. एकाच रेडिओचा साधा रिपीटर प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. तो सिग्नल संपतो तिथे लावण्याऐवजी सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावावा लागतो. मेशचे (एकच नेटवर्क पसरवण्यासाठी घरभर ठेवलेल्या उपकरणांचे) नोड केबलने जोडता येत असतील तर ते नक्की जोडावेत.

जुन्या राउटरवर एक सेटिंग अवश्य पाहावे. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ठेवला असेल तर नवी उपकरणेही ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाहीत. तो डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करावा. एकाच लॅपटॉपवर त्रास असेल तर व्हीपीएन, पार्श्वभूमीत चालणारा बॅकअप आणि वाय-फायचा ड्रायव्हर या क्रमाने तपासावे.

एवढे झाल्यावरच नव्या राउटरचा विचार करावा, आणि तोही उपकरणांची क्षमता पाहून. एका अँटेनाचे, वाय-फाय ५ चे उपकरण ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ४३३ एमबीपीएसचा लिंक स्पीड गाठते. केवळ २.४ गिगाहर्ट्झ जाणणारे, एका अँटेनाचे, वाय-फाय ४ चे उपकरण २० मेगाहर्ट्झवर ७२ च्या पुढे जात नाही. समोर वाय-फाय ७ चा राउटर ठेवला तरी या मर्यादा तशाच राहतात. घरातल्या टीव्हीची आणि टेबलावरच्या संगणकाची जागा ठरलेलीच असेल, तर ते पैसे आधी त्या दोघांपर्यंत लॅन केबल नेण्यावर खर्च करावेत. ती दोन उपकरणे हवेतून उतरली की उरलेल्या फोनांना आणि स्टिकला जुन्या राउटरवरही मोकळी हवा मिळते.