मुथुलक्ष्मींपासूनच का?

विधिमंडळातल्या बायकांवर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो: आपल्याकडची नावं सोडून तुम्ही थेट मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींपासून का सुरुवात करता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ब्रिटिश हिंदुस्थानात विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या बाई होत्या, हे झालं सोपं उत्तर. मद्रास इलाख्यात बायकांना मताचा हक्क 1921 मध्येच मिळाला, पण कायदे परिषदेत बसायची मुभा मिळायला 1926 उजाडलं. त्या वर्षी उभ्या राहिलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय थोडक्यात हरल्या. मुथुलक्ष्मी आल्या त्या सरकारनियुक्त म्हणून, आणि 1927 मध्ये परिषदेने त्यांना उपाध्यक्ष निवडलं. पण नुसत्या पहिलेपणावर मी तासभर बोलले नसते.

त्यांच्या आई चंद्रम्माळ देवदासी समाजातल्या. आणि परिषदेत लेकीने हाती घेतला तो मुली देवाला वाहण्याचाच प्रश्न. (आपल्याकडे मुरळी सोडण्याची चाल होती, त्यामुळे मराठी श्रोत्यांना फार समजावावं लागत नाही.) बंदी घाला म्हणणं सोपं होतं. पण देवदासींकडच्या इनाम जमिनी देवळातल्या सेवेशी बांधलेल्या असत. सेवा थांबली की जमीन जायची, मग कुठली आई मुलीला सोडवणार? देवस्थानांच्या कायद्यात त्यांनी घडवून आणलेल्या 1929 च्या दुरुस्तीने ती जमीन सेवेतून मोकळी झाली. मला यात त्यांच्यातली डॉक्टर दिसते. ताप उतरवण्याआधी तो कशाने चढला ते पाहणारी.

विरोध करणाऱ्यांत देवदासी स्त्रियाही होत्या. आपली कला आणि मान दोन्ही जाईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांची भीती अगदीच खोटी होती, असं माझ्याने म्हणवत नाही. हे बोलले की समोर जरा चुळबुळ होते.

मुली वाहण्यावर बंदी आणणारा कायदा झाला 1947 मध्ये. तोवर मुथुलक्ष्मी परिषदेत नव्हत्याच. 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर त्यांनी राजीनामा दिला होता. ‘म्हणजे कारकीर्द तीन-चार वर्षांचीच?’ असं परवा एकीने विचारलं. हो, तेवढीच. पुढे मद्रासमधल्या अड्यारला कर्करोगाचं रुग्णालय उभं केलं, तो वेगळा विषय. त्या प्रथेतून सुटून आलेल्या मुलींना मात्र राजीनाम्याच्याच सुमारास वसतिगृहं ठेवून घेईनात. मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्याच घरात घेतलं. अशा मुलींना आसरा देणारं अव्वै होम सुरू झालं ते असं.